तुमची गिटार अजून मीच लावते

आप्पा,

गेल्या आठवड्यात तुमच्या गिटारला नव्या तारा चढवल्या. एकेक करूनच बदलल्या. सगळ्या एकदम सोडल्या की मागच्या स्प्रिंगांना मोकळं रान मिळतं, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मागे कलंडते आणि तिला परत जागेवर आणण्यात सगळी सकाळ जाते, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की आता विचार करावा लागत नाही. थेरगावच्या घरी गॅलरीच्या दाराशी जुनी चादर अंथरून बसले होते. खालच्या रस्त्यावर हॉर्न चालू होते म्हणून काचेचं दार ओढून घेतलं. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. पहिल्या तारेचा आवाज ऐकून तिनं आतूनच विचारलं, "लावतीयास व्हय?" मी हो म्हटलं. "लाव," म्हणाली, आणि तिनं कूस बदलल्याचं ऐकू आलं. हिनं एके काळी हीच गिटार भंगारवाल्याला द्यायला काढली होती, हे आज कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मध्ये विचारलं होतं, गिटार सुरात लावायला असा किती वेळ लागतो, सहाच तर तारा असतात. मी तिला तुमच्याच शब्दांत सांगितलं. साध्या गिटारची घोडी लाकडाला घट्ट बसवलेली असते, ती हलत नाही. आपल्या गिटारची घोडी तरंगती आहे. एका बाजूनं सहा तारा तिला ओढतात, दुसऱ्या बाजूनं गिटारच्या पाठीत बसवलेल्या स्प्रिंगा ओढतात, आणि दोघांचं ओढणं सारखं झालं की ती मध्ये नीट उभी राहते. घोडीला एक लोखंडी दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल पडून सूर खाली घसरतो, सोडली की वर येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी हुंदका गिळला. पण त्यासाठी घोडी मोकळी लागते आणि मोकळी घोडी म्हणजे जन्माची कटकट. एक तार चढवली की बाकीच्या पाच थोड्या उतरतात, त्या चढवल्या की पहिली उतरते. फेऱ्या मारत मारत यायचं, दर फेरीला चूक थोडी कमी. मैत्रीण म्हणाली, मग ती दांडी काढूनच टाकायची ना. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ऐकू आलं, पण मी नुसती हसले.

दिघीच्या आपल्या जुन्या घराच्या त्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आहेत. बाहेरच्या खोलीत कॉट, कॉटच्या वर खिळा आणि खिळ्याला ती. लाल रंगाची, कडेचा रंग उडून लाकूड दिसणारी. तुम्ही ती कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून आणली होतीत, लग्नाच्याही आधी. आई म्हणायची, ही माझ्या आधी घरात आली, हिचा मान मोठा. तेव्हा ती हे हसून म्हणायची. तुम्ही चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर होतात, कंपनीची बस चौकातून तुम्हाला न्यायची आणि परत आणूनही तीच सोडायची. जत्रांच्या दिवसांत मात्र सुट्टी आली की ऑर्केस्ट्राचा टेम्पो थेट आपल्या दारात यायचा. आळीत तुम्हाला गिटारवाले म्हणायचे. कंपनीत तुम्ही काय करता हे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं.

मी पाचवीत होते. शाळेतून आले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी मला घरात घेतलं, पोहे दिले आणि काही सांगितलं नाही. संध्याकाळी मामा आला. म्हणाला, आप्पांच्या हाताला लागलंय. लागलंय हा शब्द मी बरेच दिवस धरून ठेवला होता, कारण लागलेलं बरं होतं. तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हा डावा हात केवढा तरी मोठा दिसत होता, नुसता पट्ट्यांचा गोळा. मग पट्टी लहान होत गेली आणि एके दिवशी पट्टी नव्हती. मधली तिन्ही बोटं दुसऱ्या पेरापाशी संपलेली. अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत. काय झालं ते तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत. लोकांच्या बोलण्यातून कळलं ते एवढंच, की पत्रा आत सरकवताना प्रेस खाली आली आणि हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर त्या दिवशी बंद होता. पुढे कंपनीनं तुम्हाला स्टोअरला बसवलं. आता मीही चाकणलाच आहे, दुसऱ्या एका कंपनीत, परचेसला. कामासाठी कधी एखाद्या प्रेस शॉपमधून जावं लागलं तर मी हात पाठीशी बांधून चालते. 

गिटारवाल्याचा उजवा हात तारा छेडतो, पण सूर असतात ते डाव्या हाताच्या बोटांखाली. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आईला कळत होतं. तिनं तिच्या एका जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलं आणि गिटारला घातलं. तुम्हाला वाटलं धुळीसाठी. तिला ती तुमच्या नजरेआड करायची होती. तेवढ्यानं भागेना, कारण तुम्ही जेवताना त्या कव्हराकडे बघायचात. मग एके दुपारी तिनं ती खाली उतरवली आणि भंगारवाल्याची हातगाडी गल्लीत आली तशी घेऊन दारात उभी राहिली. मी तिचा पदर ओढत होते. भंगारवाला गिटारचं काय करायचं या विचारात, आणि तेवढ्यात तुम्ही बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशी. मला वाटलं, आता काहीतरी मोठं होणार. काही झालं नाही. तुम्ही आईच्या हातातून गिटार घेतलीत, घरात आलात, कॉटवर बसलात, कव्हर काढलंत आणि उजव्या अंगठ्यानं सहाही तारांवरून एकदा वरून खाली आलात. फार वाईट आवाज आला. आई दारातच उभी राहून म्हणाली, "तुमच्या डोळ्यासमोर नको म्हणून देत हुते."

तुम्ही म्हणालात, "डोळ्याचं काय न्हाई गं. कानाला तरास व्हतोय. उतरलीय ती समदी."

मग मला हाक मारलीत. इकडं ये, हात दाखव. मी दोन्ही हात पुढे केले. तुम्ही ते पालथे घालून, उताणे करून बघितलेत, एखादं अवजार बघावं तसे, आणि स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितलंत. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिनं उगाच भांडी घासायला काढली.

त्या दिवसापासून तुमची गिटार मी लावते. तुम्ही शेजारी बसायचात, चहाचा कप उजव्या हातात, डावा हात मांडीखाली. खुंटीभोवती तारेचे वेढे किती घ्यायचे, कमी घेतले तर निसटते, जास्त घेतले तर दांडी दाबताना वेढे सरकतात आणि सूर परत येत नाही. नवी तार चढवली की बोटांनी उचलून उचलून ताणायची, तिची सगळी ढिलाई आधीच काढून घ्यायची. सुरावर यायचं ते खालून. चुकून वर गेलीस तर हट्ट करायचा नाही, पुरतं खाली उतरायचं आणि परत चढायचं. मानेच्या टोकाला पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांत तार अडकली की दांडी सोडल्यावर ती पूर्ण मागे येत नाही, म्हणून खाचेत शिसपेन्सिल घासायची. माझ्या कंपासमधल्या सगळ्या पेन्सिली त्या कामाला लागल्या. शाळेत बाईंनी एकदा विचारलं, तुझ्या पेन्सिलीला कधीच टोक कसं नसतं. मी म्हटलं, आप्पांच्या गिटारला लागतं. वर्ग हसला. मला हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही.

माझी सगळ्यात आवडती वेळ शेवटची असायची. मी तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही कप खाली ठेवायचात. गिटार माझ्याच मांडीवर. तुम्ही वाकून उजव्या हातानं मोकळ्या तारा छेडायचात, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, सावकाश, एकेक पुरती विरेपर्यंत. मग परत सगळ्या एकदम, आणि दांडी हळूच दाबायची, सूर पार तळाला जायचा, आणि सोडायची. तुम्ही डोळे मिटलेले. तो सूर जागेवर परत आला का नाही हे तुम्ही ऐकत होतात आणि मी तुमचं तोंड बघत होते. आता सांगायला हरकत नाही, मी कधी कधी दुसरी तार मुद्दाम किंचित उतरलेली ठेवायची. म्हणजे तुम्ही म्हणायचात, "परत बघ," आणि मी बघायची, आणि तुम्ही पुन्हा सगळं पहिल्यापासून वाजवायचात. तुम्हाला ते कळत होतं असं मला मोठी झाल्यावर वाटायला लागलं. कारण एवढ्या चांगल्या कानाला दर वेळी तीच तार उतरलेली सापडते, आणि तो कधी रागवत नाही, असं कसं होईल.

ऑर्केस्ट्रात तुमच्या जागी एक तरुण मुलगा घेतला होता. तो एका संध्याकाळी दारात आला. त्याच्याकडे धड गिटार नव्हती, दांडीवाली तर नव्हतीच. बराच वेळ तो उंबऱ्याशी चपलांकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "तुमची मागायला आलोय. तुम्ही न्हाई म्हणालात तरी चालंल." आई आतून ऐकत होती. तुम्ही त्याला बसवलंत, चहा दिलात, आणि म्हणालात की गिटार घेऊन जा, पण लावणार आम्ही. कार्यक्रमाच्या ठिकाणी आम्ही येणार. तो आम्ही म्हणजे कोण हे शोधायला इकडे तिकडे बघायला लागला, तेव्हा तुम्ही माझ्याकडे मान हलवलीत. मी त्याला दादा म्हणायला लागले ते तेव्हापासून. पुढची कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी टेम्पो पुन्हा आपल्या दारात यायला लागला. स्टेजच्या मागे ताडपत्रीवर मी आणि तुम्ही, पुढे दादा. त्याच्या हातात तुमची गिटार, आणि तो दांडी अशी दाबायचा की जणू हापशावर पाणी भरतोय. दोन गाण्यांनंतर तो मागे यायचा आणि मी परत लावून द्यायची. एकदा देहूजवळच्या एका गावात कार्यक्रमाआधी त्यानं भीतभीत तुम्हाला सुचवलं की हवाईन गिटार वाजवून बघा, ती मांडीवर आडवी ठेवतात, तारांवर नुसती लोखंडी पट्टी सरकवायची असते, अंगठा आणि करंगळी पुरेल. त्याचा हेतू चांगला होता. तुम्ही म्हणालात, "ते चांगलं वाद्य हाय. पण तुटक्या हाताला जमतंय म्हणून वाजवायचं व्हय? ज्याला ते आवडतंय त्यानं वाजवावं." 

मी आठवीत असताना एकदा म्हटलं, मला वाजवायला शिकवा. तुम्ही लगेच हो म्हणालात, म्हणून मला आजही वाटतं की तुम्हाला ते हवं होतं. रविवार होता, आई भाजी आणायला गेलेली. तुम्ही मला कॉटवर सरळ बसवलंत आणि तोंडानं सांगायला लागलात. पहिलं बोट दुसऱ्या तारेवर, मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात. दुसरं बोट चौथ्या तारेवर. माझी बोटं एकमेकांत अडकत होती, तार बोटाला कापत होती, एक सापडलं की दुसरं सुटत होतं. अशी न्हाई, म्हणालात, अशी, आणि दाखवायला हात पुढे केलात. डावा हात. तो तारांवर पडला आणि थप्प असा आवाज झाला. लाकडावर ओला कपडा पडावा तसा. तुम्ही तो हात झटकून मागे घेतला नाहीत. तसाच राहू दिलात. आपण दोघंही त्याच्याकडे बघत होतो. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तुम्ही हात अगदी सावकाश उचललात, माझ्या डोक्यावर ठेवलात आणि म्हणालात, "उद्या बघू."

तो उद्या आला नाही आणि मी तुम्हाला त्याची आठवण करून दिली नाही. कॉलेजात असताना चिंचवडला एक क्लास होता, तुम्ही स्वतःहून म्हणालात, जा की, मी कुठं अडवलंय. मी गेले नाही. क्लासला गेले असते तर घरी येऊन सराव करावा लागला असता, दोन खोल्यांचं घर, आणि माझ्या बोटांखालून निघालेला प्रत्येक चुकलेला सूर तुम्हाला हाताची घडी घालून ऐकावा लागला असता. तो दुरुस्त करायला तुमचा हात पुन्हा आपोआप पुढे आला असता. ते मला बघायचं नव्हतं. म्हणून असं झालं की मी आयुष्यभर गिटार लावली आणि वाजवली कधीच नाही. लोकांना हे विचित्र वाटतं. आपल्या दोघांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

एक दिवस मात्र चांगला होता. तुमच्याच कंपनीचं कुटुंब संमेलन, कंपनीच्या मैदानात मांडव, आणि कार्यक्रम आपल्या ऑर्केस्ट्राचा. तुम्ही जाणार नाही असं मला वाटलं होतं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात. मांडवात शिरताना प्रेस शॉपमधली माणसं भेटत होती, राव कसं काय, बरं आहे ना, आणि प्रत्येकाची नजर आधी तुमच्या हाताकडे आणि मग खांद्यावरच्या गिटारकडे जात होती. कुणाच्या तरी बायकोनं कौतुकानं विचारलं, "तुम्हीच वाजवणार का?" तुमच्या शेजारी उभे असलेले तिचे यजमान पार गोरेमोरे झाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "न्हाई वहिनी. मी लावतो. वाजवणारा येगळा हाय." आणि मला पुढे घेऊन स्टेजच्या मागे गेलात.

कार्यक्रम रंगात आला आणि नेमकी शेवटच्या मोठ्या तुकड्याआधी दादाची बारीक तार तुटली. एक तार गेली की त्या गिटारचं काय होतं हे पुढे बसलेल्यांना माहीत नसतं. स्प्रिंगांचं ओढणं तेवढंच, तारांचं कमी झालेलं, घोडी मागे झुकते आणि उरलेल्या पाची तारा एकदम चढतात. दादा मागे पळत आला, घामानं निथळत. नवी तार लावायला वेळ नव्हता, निवेदक विनोद सांगून वेळ काढत होता आणि त्याचे विनोद संपत आलेले ऐकू येत होते. सगळ्यांना आइस्क्रीमचे कप वाटले होते, माझाही रिकामा कप शेजारी पडलेला. तुम्ही त्यातला लाकडी चमचा घेतलात, आजूबाजूच्या कपांतले आणखी घेतलेत, शर्टाला पुसलेत आणि एकावर एक रचलेत. गिटार पालथी करून माझ्या मांडीवर. "दाब," म्हणालात. मी दांडी दाबली. पाठीतल्या खाचेत घोडीखालचा लोखंडी ठोकळा सरकला, फट पडली, आणि तुम्ही उजव्या हातानं चमचे त्या फटीत सारलेत. ते घसरायला लागले तसा डावा हात पुढे आला आणि करंगळी व अंगठ्यानं तुम्ही ते धरून ठेवलेत. त्या हातानं इतकं नेमकं काही करताना मी तुम्हाला पहिल्यांदाच पाहत होते. "सोड." मी सोडली. घोडी चमच्यांवर येऊन थांबली. आपण पाची तारा बघितल्या, थोड्या थोड्या हलवल्या, आणि दादा पळत पुढे गेला. त्यानं तो तुकडा पाच तारांवर वाजवला. टाळ्या पडल्या. येताना टेम्पोत तुम्ही मागे फळीला टेकून बसला होतात, भोसरीच्या पुलाचे दिवे तुमच्या तोंडावरून जात होते. माझ्याकडे न बघता म्हणालात, "हात चांगला हाय तुझा." तुम्ही केलेलं कौतुक म्हणून मला एवढंच आठवतं, आणि ते पुरलं.

तुम्ही गेलात तो दिवस साधा होता. कंपनीतून आलात, छातीत जडपणा वाटतोय म्हणालात, शर्ट काढून खुंटीला अडकवलात, कॉटवर बसलात आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. त्यानंतर मी गिटारला हात लावला नाही. दादानं दुसरी घेतली होती, तीही माझ्याकडे लावायला आणली नाही, त्याला कळत होतं. खिळ्यावर ती तशीच राहिली. वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई कॉटवर चढली, तिनं लुगड्याचं कव्हर काढलं, तारांवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. तांबडं झालं होतं. "गंज चढलाय," ती म्हणाली. "बदल. त्यांना असलं चालायचं न्हाई." मी रडले ते तेव्हा. तुम्हाला नेलं तेव्हा नाही, तेव्हा.

आता यंदाचं सांगते. दादा महिन्यापूर्वी घरी आला. केस पांढरे झालेत, ऑर्केस्ट्रा कधीच बंद पडला, तो आता कुठल्यातरी वर्कशॉपचा हिशेब बघतो. जुन्यांपैकी जे उरलेत ते एकदाच एकत्र वाजवणार होते, थेरगावातल्याच एका हॉलमध्ये, ओळखीच्या लोकांसमोर. त्यानं विचारलं, आप्पांची मिळेल का. आणि ताई, तुम्ही याल का मागं बसायला. तो आता मला ताई म्हणतो, अहो-जाहो करतो. म्हणून त्या नव्या तारा. काल तो कार्यक्रम झाला. मागे ताडपत्री नव्हती, प्लास्टिकची खुर्ची होती, आणि शेजारची खुर्ची मी रिकामी ठेवली नाही, तिच्यावर आईला बसवलं. आई पहिल्यांदाच आली होती. शेवटच्या तुकड्यात दादानं दांडी दाबली, सूर खाली खाली गेला, आणि त्यानं सोडल्यावर बरोब्बर जागेवर आला. मला आधी कळलं, मग आईनं माझा हात दाबला म्हणजे तिलाही कळलं असावं.

लोक गेल्यावर दादा मागे आला आणि खिशातल्या रुमालानं एकेक तार पुसत बसला. त्यानं सांगितलं की आपल्या घरी गिटार मागायला येण्याच्या आधी तो जत्रांतून तुमच्या मागे मागे हिंडायचा, स्टेजला खेटून उभा राहायचा. आजही तो तुमचीच नक्कल करतो. "पण एक जमलं न्हाई, ताई," म्हणाला. "आप्पा दांडी सोडायचे ना, तेव्हा सूर वर यायच्या आधी एक जागा घ्यायचे, गाण्यात मुरकी असती तशी. जराशी. ते कुणालाच जमलं न्हाई. कुणी कधी रेकॉर्डही केलं न्हाई. माझ्याही कानातनं आता पुसट झालंय." मग त्यानं मान वर करून विचारलं, "तुमच्या असंल ना? तुम्ही तर घरातच होता."

मी म्हटलं, "आहे."

त्याला फार बरं वाटलं. "मग हरकत न्हाई," म्हणाला, "कुणाच्या तरी कानात हाय." आणि त्यानं गिटार माझ्या हातात दिली. आई माझ्याकडे बघत होती. 

आप्पा, तुमची बोटं होती तेव्हा मी लहान होते. कार्यक्रमांना तुम्ही मला नेत नव्हतात आणि घरी तुम्ही रोज वाजवायचात, मी खाली फरशीवर अभ्यास करत असायची. रोजचा आवाज होता तो, नळाचा असतो तसा, आईच्या लाटण्याचा असतो तसा. तो थांबणार आहे हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकला असता. काल परत आल्यावर मी दिवा न मालवता, डोळे उघडे ठेवून तो आवाज आठवायचा खूप प्रयत्न केला. तुमचं तोंड आठवतं, मान वाकवायची ढब आठवते, पायानं धरलेला ठेका आठवतो. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला माहीत आहे. पण तुमचा पत्ता असता आणि पोस्टमन रोज तुमच्याकडे येत असता, तरी पुढचं वाक्य मी खोडूनच पाकीट बंद केलं असतं. तुम्ही वाजवलेलं मला काहीच आठवत नाही.